मुका खांब

आधी सहा साखळ्या, त्यांचं कडं,
कड्यात बारा खांब.
एवढं आलं की बाकीचं आपोआप येतं, ब्रिजेट म्हणायची.
ब्रिजेट मिस्किटा, ट्रंक बोर्ड, खुर्ची नंबर नऊ.
मी दहा.

रात्रपाळीत अडीच ते चार
माझगावच्या एक्सचेंजात दिवे फारसे लुकलुकत नसत.
एखादा अर्जंट कॉल सांगलीचा, म्हणजे कुणीतरी गेलेलं,
एखादा जामनगरचा, कापसाचा भाव विचारणारा.
एरवी कानांवर हेडफोन, मांडीवर पर्स,
पर्समध्ये पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा,
आणि चेनच्या फटीतून वर आलेला एकच दोरा,
सुपरवायझर भडभडेबाईंना दिसू नये असा.
दिसायचा.
एकदा त्यांनीच वाकून विचारलं, ही पाकळी वळवतेस कशी?

ती टाके मोजायची इंग्रजीत, मी मराठीत,
रुमाल दोघींचे गोलच यायचे.
मी तिला आमचे शब्द दिले:
खांब, अर्धा खांब, मुका खांब.
मुका कशाला?
मला कुठे ठाऊक. आईही मुकाच म्हणायची.
सुईला आधी वेढा द्यायचा नाही, बुटकाच राहतो, म्हणून असेल.
ब्रिजेट इतकी हसली की कोल्हापूरची लाइन तुटली.
म्हणाली, आपले रस्त्यावरचे खांब बघ, रात्रंदिवस बोलतात,
आणि तुमचा हा मुका!

घोडपदेवच्या खोलीत मग काहीच उघडं राहिलं नाही.
रेडिओवर रुमाल, टीव्हीवर रुमाल,
मिक्सरखाली, तांब्याखाली, सासूबाईंच्या औषधांच्या डब्याखाली,
काळ्या फोनखाली सर्वांत मोठा, अननसाच्या नक्षीचा.
हे म्हणाले, मलाही एक विण आता, टकलावर घालायला.
विणला.
घालून बसले, दिवाळीला, पाहुण्यांसमोर.

पुढे वस्तूच बारीक होत गेल्या.
टीव्ही भिंतीला चिकटला, त्याला माथाच उरला नाही.
फोन परत करायला गेले
तर खिडकीतल्या मुलानं यंत्र आत घेतलं, पावती फाडली,
आणि रुमाल बाहेर सरकवला,
आजी, हे आमचं नाही.
चार पायांचे चार डाग त्यावर.
मी धुतला नाही.

आता एकोणिसावा मजला.
सून चांगली आहे. म्हणते, आई, काचेच्या टेबलावर काही नको,
काच दिसली पाहिजे.
बरोबर आहे तिचं.
मी लहान लहान विणते, हातात मावतील असे.
टाके कमी घातले तर कडा वर येऊन वाटी होते,
जास्त घातले तर झालर.
सपाट बसवायचं म्हणजे दर फेरीला किती वाढवायचं ते कळलं पाहिजे,
मला अजून दर वेळी कळतंच असं नाही.

एक राउटरखाली ठेवलाय.
त्याला कुणाची हरकत नाही.
रात्री अडीचला जाग येते, ती जुनी सवय,
त्याचे हिरवे दिवे लुकलुकत असतात,
अख्ख्या इमारतीचे कॉल जातायत, येतायत,
मला कुणी नंबर विचारत नाही.
मी सुई घेऊन शेजारी बसते.

ब्रिजेट उत्तनला असते, भाचीकडे.
ऐकू येत नाही, तेव्हा फोनचा उपयोग नाही.
मी रुमाल पाठवते, पाकिटात, घडी घालून, चिठ्ठी नाही.
ती तपासून परत पाठवते.
जिथे माझा खांब चुकला तिथे
लाल दोऱ्याची गाठ, मोहरीएवढी.
कधी तीन, कधी पाच. एकदा अकरा,
तेव्हा हे इस्पितळात होते.

परवा आलेल्या रुमालावर गाठ नव्हती.
मी खूश होऊन चहा ठेवला.
मग चष्मा बदलून मोजलं, परत मोजलं.
सातव्या फेरीत एक खांब कमी आहे.
तिथे करंगळी घातली तर
पार जाते.